रुई मिसळली तो आठवडा

आमच्या घरात कापूस नाही अशी जागा नव्हती. वरणात असायचा, माठाच्या झाकणावर असायचा, अब्बांच्या भुवयांवर तर बाराही महिने मुक्कामाला असायचा. त्यामुळे अब्बा तरुणपणीच म्हातारे दिसत, आणि पुढे खरोखर म्हातारे झाले तेव्हा ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. आम्ही पिंजारी. गाद्या, उशा, रजया भरून देणं हा धंदा. शाळेत गुरुजी मला उभं करत, आधी माझ्या केसांतला कापूस वेचत आणि मग प्रश्न विचारत. माझं उत्तर ऐकलं की तो कापूस पुन्हा होता तिथे ठेवून द्यावा असा त्यांचा चेहरा होई. घरात आम्ही दखनी बोलायचो, दुकानात मराठी, आणि अब्बा रागावले की दोन्ही एकदम. इथे मी सगळं मराठीतच लिहितो आहे, कारण पुण्यात नोकरी करणारी माझी मुलगी हे वाचणार आहे आणि लिहिलेली दखनी वाचताना तिला हसूच आवरत नाही.

दुकान लातुरात, गंजगोलाईकडून आत येणाऱ्या एका बोळात. पुढे दुकान, मधे एका विटेची भिंत आणि मागे घर. भिंत इतकी पातळ की दुकानात गिऱ्हाईक शिंकलं की आत चुलीपाशी बसलेली अम्मी ‘अल्ला रहम करे’ म्हणायची. वरती गच्ची, रुईला ऊन दाखवायला. सकाळी पिंजायचं मशीन सुरू झालं की त्याची घर्र-घर्र दुपारच्या नमाजपर्यंत चालायची. कधी मऊ, जुनी, जपून धरायची रुई आली तर आमचे जुने कारागीर बशीरचाचा कोपऱ्यातली दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, वेळची पिंजण काढायचे. धनुष्यासारखी ती मोठी कमान, तिची ताणलेली तात, आणि तिच्यावर लाकडी मुठीचा ठोका पडला की येणारा तुंय तुंय आवाज. तो आवाज आला की बोळातली लहान पोरं दारात येऊन उभी राहायची. या दोन्ही आवाजांच्या वरताण तिसरा आवाज अब्बांचा. ते दिवसभर एकच प्रश्न विचारत, ‘किती झाल्या?’ उत्तर काहीही आलं तरी त्यांचं समाधान होत नसे. तयार झालेल्या प्रत्येक गादीवर ते आधी स्वतः झोपून बघत, डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर ठेवून. एकदा त्यांना खरोखर झोप लागली आणि गिऱ्हाईक बिचारं समोरच्या बाकावर आपल्या गादीची वाट बघत बसून राहिलं.

आधी आमचा धंदा लग्नसराईचा आणि थंडीचा. मग भूकंप झाला. औशाच्या पलीकडची गावं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली, आणि इकडे शहरातली माणसंही स्लॅबखाली झोपायला भ्यायला लागली. अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला गाद्या पसरल्या जाऊ लागल्या, त्या भिजल्या, खराब झाल्या आणि पुन्हा पिंजायला आल्या. ते ओसरतं न ओसरतं तोच पोरांचा लोंढा सुरू झाला. बारावी करायची तर लातुरात, असं सगळ्या मुलखाने ठरवून टाकलं. जून उगवला की स्टँडवर पत्र्याच्या पेट्या, पेटीच्या एका कडीला बापाचा हात, दुसऱ्या कडीला पोराचा. नांदेडची, बिलोलीची, मुखेडची पोरं. बोळाबोळात क्लास निघाले, क्लासच्या वर होस्टेल निघालं, आणि होस्टेलात प्रत्येक पोराला पाठ टेकायला एक गादी. लांबलांबची पोरं लातुरात येऊन डॉक्टर-इंजिनियर होत होती. मी जन्मापासून लातुरातच होतो आणि बारावीला फिजिक्समध्ये नापास झालो होतो. लातूर पॅटर्नवरचा तो डाग आमच्या बोळातल्या लोकांनी बरीच वर्षं जपून ठेवला.

अशा दिवसांत एका होस्टेलवाल्या सरांनी अब्बांना सगळ्या होस्टेलच्या गाद्या सांगितल्या. एवढं मोठं काम दुकानाने कधी बघितलं नव्हतं. अब्बांनी हो म्हटलं, घरी येऊन अम्मीला सांगितलं, शिरा खाल्ला आणि दुसऱ्या आठवड्यात काविळीने आडवे झाले. डोळे हळदीसारखे, पायात त्राण नाही. ही बातमी नांदेडला गेली आणि बडेअब्बा आले. बडेअब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. नांदेडला त्यांचं चादरी-सतरंज्यांचं मोठं दुकान. माणूस मायाळू, पण त्यांची माया टेम्पो घेऊन येणारी. त्यांनी अब्बांच्या उशाशी बसून ठरवून टाकलं की दुकानाला कुलूप लावायचं, दोन कारागिरांना दुसरीकडे काम बघायला सांगायचं आणि आम्ही सगळ्यांनी नांदेडला त्यांच्या माडीवर राहायला जायचं. पडद्याआडून अम्मी म्हणाली, “भाईजान, काम घेतलंय. ते देऊ द्या.”

“कोण देणार? हा?” बडेअब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा नाकातला कापूस काढत होतो.

“मी देईन,” अम्मी म्हणाली.

बडेअब्बांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, “ठीक आहे. होस्टेल उघडेल त्या सकाळी मी टेम्पो घेऊन येतो. गाद्या गेलेल्या असतील तर टेम्पो रिकामा परत जाईल. नसतील गेल्या, तर तुमच्या भांड्याकुंड्यांसकट भरून जाईल.” त्या माडीला एकच खिडकी होती आणि ती बडीअम्मीच्या स्वयंपाकघरात उघडायची. अम्मीला काय टाळायचं होतं हे ज्याने ती खिडकी बघितली आहे त्याला सांगावं लागणार नाही.

तोवर अम्मी दुकानात कधी बसली नव्हती. गाद्यांच्या खोळी मात्र तीच शिवायची, आत, पायमशीनवर. दुसऱ्या दिवशी तिने पायमशीन उचलून दुकानात आणवलं आणि अब्बांची बसायची जागा सोडून कारागिरांच्या मधोमध मांडलं. पहिली पंचाईत बशीरचाचांची. ते दादांच्या हाताखाली शिकलेले, अब्बांना त्यांनी खांद्यावर खेळवलेलं. मालकिणीशी थेट बोलायचं नाही हा त्यांचा रिवाज. त्यामुळे अम्मी दोन हातांवर बसलेली असताना ते मला म्हणत, “भाभींना सांग, सफेद दोरा संपत आलाय.” अम्मी मला म्हणे, “चाचांना सांग, दुपारी आणवते.” मी सुरुवातीला दोन्ही बाजूंचे निरोप इमानदारीने पोचवत होतो. पुढे पुढे नुसती मान इकडून तिकडे वळवायचो आणि काम भागायचं. दुसरा कारागीर नामदेव. तो मुरुडकडच्या शेतकरी घरातला, माझ्याहून थोडा मोठा, टाके घालण्यात पटाईत, आणि माळकरी. अम्मीने पहिल्याच दिवशी दुपारी सगळ्यांना एका दस्तरखानावर बसवलं. अब्बांच्या वेळी ज्याने त्याने आपापल्या कोपऱ्यात पाठ करून खायचं असे. आमची खट्टी दाल आणि अंबाड्याची भाजी, नामदेवच्या भाकरी आणि त्याच्या आईचा ठेचा. नामदेवसाठी अम्मीने कधी मटण न शिजलेलं वेगळं पातेलं आणि वेगळी पळी काढली होती. तसं त्याला सांगितलं नाही, नुसतं त्याच्या हाताशी ठेवलं. त्याने दोन घास खाल्ले, पळीकडे बघितलं आणि त्या दिवसापासून अम्मी त्याची काकू झाली.

अम्मीने ‘किती झाल्या?’ असं कधी विचारलं नाही. सकाळी सगळे आले की ती पायमशीनचं चाक थांबवून विचारायची, “आज काय अडतंय?” पहिल्या सकाळी उत्तर आलं, काही नाही. दुसऱ्याही सकाळी काही नाही. मालकाला अडचण सांगितली की मालक आपल्यालाच अडचण समजतो, हे दोघांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. तिसऱ्या दिवशी नामदेव चाचरत म्हणाला, “काकू, ती मोठी सुई बोथटलीय. टाका वढताना खोळ फाटून राहिली.” अम्मीने मला त्याच पावली बाजारात पिटाळलं. सुया आल्या. मग बांध फुटला. पट्टा घसरतो. पंख्याचं वारं नेमकं रुईवर येतं. दुपारनंतर त्या कोपऱ्यात बशीरचाचांना दिसत नाही, हे चाचांनी स्वतः नाही, नामदेवने सांगितलं, आणि चाचांनी त्याच्याकडे असं बघितलं जणू त्याने त्यांचं वय चौकात सांगितलं. अम्मीने काही न बोलता त्यांची जागा दाराशी, उजेडात हलवली. मग एके सकाळी चाचा मला म्हणाले, “भाभींना सांग, हा सल्लू फार मधे मधे येतो.” सल्लू म्हणजे मीच. मी हा निरोप प्रामाणिकपणे पोचवला. अम्मीने ती अडचणही त्याच दिवशी दूर केली. मला रुई वाळवायला गच्चीवर पाठवलं.

गाद्यांवर झोपून बघायचा प्रश्न उरला. भर दुकानात अम्मी काही आडवी होणार नव्हती. म्हणून ज्याने गादी भरली त्यालाच तिने तिच्यावर झोपवायला सुरुवात केली. चूक झाली असेल तर अम्मी तोंडातून शब्द काढत नसे. नामदेव झोपायचा, कूस बदलायचा, मग हळूच उठून टाके उसवायला लागायचा. माझी मुलगी मागे एकदा कंपनीच्या शिबिरातून आली. मोठ्या हॉटेलात त्यांना कागदाचे पेले एकावर एक रचायला लावले होते आणि नेतृत्व म्हणजे काय ते पडद्यावर दाखवलं होतं. मी विचारलं, कुणाला स्वतःच्या गादीवर झोपवलं का? ती म्हणाली, बाबा, प्रत्येक गोष्टीत तुमची गादी आणू नका. पण खरं सांगायचं तर पुढे मी स्वतः धंदा केला, माणसं ठेवली, आणि त्यात जे थोडंफार जमलं ते सगळं त्या महिन्याभरातलं आहे. जे जमलं नाही ते माझं स्वतःचं.

होस्टेलचं काम सुरू असतानाच गयाबाई आली होती. औशाच्या पुढच्या गावची, शेतीवाली बाई, डोक्यावर गुंडाळलेली गादी. ही तिच्या सासूची गादी. घर पडलं, सासू त्या पहाटे गेली, आणि मातीच्या ढिगातून जे थोडं निघालं त्यात ही निघाली. रुई घरच्या रानातली, सासूने स्वतः वेचलेली. आता गयाबाईच्या लेकीचं, रुक्मिणीचं लग्न ठरलं होतं आणि आजीच्या रुईची गादी नातीबरोबर द्यायची होती. आमच्या धंद्यात एक गोष्ट पाळतात. पिंजायला आलेली रुई ज्याची त्यालाच परत जाते. कितीही जुनी असो, किती का मळलेली असो, दुसऱ्याची तिच्यात मिसळायची नाही. म्हणून तिची जुनी खोळ बाजूला ठेवली, रुई झटकली, तिच्यातून काळी माती निघाली ती निघाली, आणि चादरीवर पसरून गच्चीत उन्हाला घातली. शेजारच्या ताडपत्रीवर होस्टेलची रुई.

दुपारी वावटळ आली. मे महिन्याची वावटळ आमच्याकडे कुणाला विचारून येत नाही. क्षणात सगळी गच्ची पांढरी होऊन हवेत उभी राहिली. खालून बशीरचाचा आले, नामदेव आला, ओढणी दातांत धरून अम्मी आली. जो तो हाताला येईल ते ओढत होता, दाबत होता, बांधत होता. शेजारच्या कडुलिंबावर कापूस, विजेच्या तारांवर कापूस, समोरच्या हाजीसाहेबांच्या वाळत घातलेल्या शेरवानीवर कापूस. उरलेलं सगळं खाली आणलं आणि मशीन पुन्हा सुरू झालं, कारण होस्टेल उघडायला फार दिवस राहिले नव्हते.

वावटळीनंतरच्या तिसऱ्या सकाळी अम्मीने चाक थांबवून विचारलं, “आज काय अडतंय?”

नामदेव सुईत दोरा ओवत होता. तो ओवतच राहिला. मग म्हणाला, “अडतंय म्हंजे काकू… त्या गयाबाईची रुई दिसंना.”

भिंतीपलीकडून अब्बांचा आवाज आला, “कुणी केलं हे?”

“कुणी ते मला नको,” अम्मी भिंतीला म्हणाली. मग आमच्याकडे वळून, “कशी गेली तेवढं सांगा.”

नामदेवने सुई दोऱ्यासकट खाली ठेवली. आणि मग बशीरचाचांनी माझ्याकडे न बघता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ अम्मीकडे बघून तोंड उघडलं. “भाभी, ताडपत्री मी ओढली. तिच्यावर चादर येऊन पडली होती का, ते बघितलं नाही.” नामदेव म्हणाला, “अन् मशीनीत मी टाकली. हाताला येगळी लागली हुती. म्या म्हन्लं, वाऱ्यानं मळली असंल.” अम्मी म्हणाली, “दोन्ही शेजारी-शेजारी घालायला मीच सांगितलं होतं.” माझा वाटा एवढाच की मी उभा राहून बघत होतो. एवढा कापूस एकदम आभाळात गेलेला मी पुन्हा कधी बघितला नाही. कुणी केलं हे अम्मीने विचारलं नाही म्हणून जो तो आपापला तुकडा पुढे ठेवत गेला, आणि थोड्या वेळात सगळी हकीकत जमिनीवर मांडून झाली. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाची रुई आमच्याकडे तिच्याच खोळीत घालून, तोंड बांधून वाळवतात.

“नवी चांगली रुई भरून दे,” अब्बा भिंतीतून म्हणाले. “तिला काय कळणार?”

“नाही कळायचं, भाभी,” चाचाही म्हणाले. “आणि एक दिवस बुडाला तर होस्टेलचं काम बुडेल. भाईजान टेम्पो घेऊन दारात.”

अम्मी मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, “मी तिच्यापासून लपवलं हे तुम्ही दोघं बघणार. मग उद्या तुमच्या हातून काही गेलं तर मला कशाला सांगाल?” तिने दुकानाच्या किल्ल्या चाचांसमोर ठेवल्या. “मी नसताना तुम्ही ठरवाल ते.” मग बुरखा घातला, गयाबाईची रिकामी खोळ घडी करून माझ्या काखेत दिली आणि आम्ही एसटीत बसलो.

गयाबाईचं गाव नवं वसलेलं. सरळ रस्ते, सरळ ओळी, सगळी घरं एका साच्यातून काढलेली. आम्ही चार दारं वाजवली. चारही दारांत आम्हाला पाणी मिळालं आणि चारही जणांनी गयाबाईचं घर वेगवेगळ्या दिशेला दाखवलं, कारण अजून त्यांनाच नव्या गावाची सवय झाली नव्हती. शेवटी ती अंगणातल्या बाजेवर बसलेली सापडली. माझ्या काखेतली खोळ बघून ती उठली. “आली का गादी? रुक्मे, च्या ठेव गं, गादीवाली आली.”

अम्मीचं माहेर मुखेडचं, बाजारातलं. ही बोली तिच्या तोंडी बसलेली. “गादी न्हाई आणली, बाई,” ती म्हणाली. “तुमची रुई आमच्याकडून दुसऱ्या रुईत मिसळली. आता येगळी करता येत न्हाई.”

“मिसळली म्हंजे?”

“म्हंजे गेली.”

गयाबाई खाली बसली. मग तिने आम्हाला जे धुतलं ते मी इथे सगळं लिहीत नाही. “पत्र्याच्या शेडात मी ती गादी संबाळली. उंदराला खाऊ दिली न्हाई, पावसाला भिजू दिली न्हाई. अन् तुमी बापजाद्यापासून ह्येच करून राहिलाव, तुमच्या हातून जाती? कामून जाती? डोळे कुठं ठिवले हुते?” मी म्हणालो, “मावशी, वारं…” आणि अम्मीची टाच माझ्या पायावर आली. ती टाच मला आजही गिऱ्हाइकासमोर सबबी सांगू देत नाही. गयाबाई बोलत राहिली. अम्मी तिच्याकडे बघत, ऐकत उभी राहिली. ‘पण’ नाही, ‘तरी’ नाही. शेवटी बोलून बोलून गयाबाईच थकली. “काईतरी बोला की. नुस्त्या हुब्या काय?”

“काय बोलू? तुमचं खरं हाय.”

गयाबाईने पदराने तोंड पुसलं. “कवा झालं?”

“तीन दिस झाले. दुपारी.”

“त्या दिशी? त्या दिशी तं लई वारं सुटलं हुतं.” तिने कुंपणाकडे बघितलं. “माझ्या कुरडया उडाल्या समद्या. शेजारणीनं गोळा केल्या अन् आता म्हनती, ह्या माझ्याच. मी म्हन्लं, खाऊन दाव, मीठ माझ्या हातचं हाय.” कुंपणापलीकडून कुणीतरी खोकलं. रुक्मिणी चहा घेऊन आली. आईकडे बघत म्हणाली, “आय, बसू दे की त्यांना.”

आम्ही बसलो. चहाचा अर्धा कप झाल्यावर गयाबाई म्हणाली, “मंग कुठं गेली म्हनायची आमची रुई?”

“पोरांच्या गाद्यांत. शिकायला येणारी पोरं हाईत, बारावीची. नांदेडकडची, बिलोलीची. माझ्या माहेरचीबी हाईत.”

गयाबाईने कप खाली ठेवला. “आमच्या सासूबाईनं जल्मात शाळेचं तोंड बगितलं न्हाई.” मग तिच्या खांद्यांना हसू आलं, आधी खांद्यांना, मग तोंडाला. “आता जाऊन निजल्या म्हनायच्या कालिजात.” रुक्मिणी हसली, अम्मी हसली, आणि तिघींनी एकदम डोळे पुसले. मला कुठे बघावं कळेना म्हणून मी चहात पडलेला कापूस काढला. तो आमच्याबरोबर तिथेही आला होता.

मग तिने आपली अट सांगितली. तो मिसळलेला ढीग संपला नसेल तर त्यातलीच रुई भरायची, जेवढी सासू येईल तेवढी येईल. “अन् म्होरं बसून भरून घेनार मी. तुमचा भरवसा न्हाई.”

“या,” अम्मी म्हणाली. “पण रिकामं बसू देणार न्हाई.”

दुसऱ्या सकाळच्या एसटीने गयाबाई, रुक्मिणी आणि गयाबाईच्या दोन जावा दुकानात हजर. चौघींचा जन्म गोधड्या शिवण्यात गेलेला. नामदेवने दोन टाके दाखवले, तिसरा गयाबाईने त्याला दाखवला. अम्मीने त्यांचा रोज ठरवला, तोही नामदेवसमोर आणि नामदेवइतकाच, आणि दस्तरखान लांबवला. रुक्मिणीची गादी सगळ्यांत आधी भरली. बशीरचाचांनी तिच्यासाठी कोपऱ्यातली पिंजण काढली. तुंय तुंय सुरू झालं, बोळातली पोरं दारात जमली, आणि गयाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत बसली. नंतर चौघी होस्टेलच्या गाद्यांवर बसल्या. उखाणे काय, सासवांच्या नकला काय, कुरडयांवाल्या शेजारणीचा उद्धार काय. भिंतीपलीकडे अब्बा इतके हसायचे की डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती काही त्यांना मिळाली नाही.

होस्टेल उघडायची सकाळ आली तेव्हा शेवटच्या गाद्यांचे टाके पडत होते आणि एकीवरही झोपून बघितलेलं नव्हतं, कारण सगळ्यांचे हात गुंतलेले. अब्बांची कावीळ उतरली होती, अशक्तपणा तेवढा राहिला होता. अम्मी आत जाऊन त्यांना म्हणाली, “तुम्ही नाहीतरी झोपलेलेच आहात.” मी आणि नामदेवने त्यांना धरून आणलं आणि एका गादीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं निजवत गेलो. ते डोळे मिटून ‘चालेल’ म्हणत, कधी ‘डाव्या कुशीला गाठ आहे’ म्हणत, आणि रुक्मिणी लगेच ती गाठ सोडवायला बसे.

एवढ्यात बोळाच्या तोंडाशी टेम्पो थांबला. बडेअब्बा आले होते. होस्टेलचा टेम्पो मात्र आला नव्हता. सरांकडून पोरगा सांगत आला की गाडी बिघडली आहे आणि पोरं आईबापांसह पेट्यांवर बसून आहेत. बडेअब्बांनी दुकानात पाऊल टाकलं. समोर नऊवारीतल्या चार बाया, मधे पायमशीनवर अम्मी, छताला लागलेली गाद्यांची थप्पी आणि तिच्या पायथ्याशी आडवा झालेला त्यांचा धाकटा भाऊ.

“भाईजान,” अम्मी म्हणाली, “टेम्पो रिकामा आहे ना?”

आमची भांडीकुंडी न्यायला आलेल्या त्या टेम्पोतून होस्टेलच्या गाद्या गेल्या, तीन खेपांत. दोरखंड बडेअब्बांनी स्वतः ओढून बांधले, आणि तिसऱ्या खेपेला तर ते गाद्यांच्या वर बसून गेले, गादी पडू नये म्हणून. परत आले तेव्हा त्यांच्याही भुवया पांढऱ्या होत्या. बाकावर बसले, पाणी प्यायले, इकडे-तिकडे बघितलं. कुलपाचं नाव कुणी काढलं नाही. मग घसा साफ करून म्हणाले, “नांदेडलाही आता पोरांचे क्लास निघालेत. माझ्याकडे येऊन लोक गाद्या विचारतात, मी चादरी दाखवतो. याच हंगामात शंभरेक मिळतील का? कधीपर्यंत?”

प्रश्न त्यांनी अब्बांना विचारला होता. अब्बा शेवटच्या गादीवर डोळे मिटून पडलेले, दोन्ही हात पोटावर. झोपले असावेत असं वाटून बडेअब्बांनी अम्मीकडे बघितलं. अम्मीने बशीरचाचांकडे बघितलं. “चाचा, कधी जमेल?”

चाचांनी पिंजणीची तात सैल केली आणि ती खुंटीला अडकवली. “भाभी बसणार असतील तर महिन्याभरात,” ते म्हणाले. मग अब्बांकडे बघत, “भाई बसणार असतील तर दिवाळी धरा.”

गयाबाईची सुई वरच्या वर थांबली. मीही आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर गप्प बसलो.

अब्बांनी डोळे उघडले नाहीत. नुसती कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “भाईजान, दिवाळी फार लांब पडेल.”